अंजिराला पाऊस नको!

बालमित्रांनो, अंजीर तुम्ही खाल्लं असेलच. पण अंजिराचं फूल पाहिलंय कधी? नाही ना? कसं दिसणार! त्याची इवली इवली फुलं फळाच्या पोटातच दडलेली असतात.

माझं माहेर सासवडजवळचं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तोच हा भाग. माझी बदली कोकणात झाली, तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, परसातल्या झाडाची वीतभर फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. म्हणाले, "चार डोळे आहेत. दोन मातीत, दोन वर. लाव अंगणात." पुढच्याच वर्षी अण्णा गेले. मग त्या झाडावर माझा जीव जडला.

झाड वाढलं. पण पावसाळा आला की पानांवर तांबेरा पडायचा, पानं गळायची. फळं धरली, तीही पाणी पिऊन फुटली. चवीला आंबट! मी खत घातलं, फवारणी केली. तरी तेच. शेवटी दिवाळीनंतर एकदा वैतागून वर्गात म्हणाले, "झाडच वाईट. उपटून टाकते आता!"

तिसरीच्या त्या वर्गात विजापूरकडचा एक मुलगा होता. आईवडील चिरेखाणीवर कामाला. घरी कानडी बोलायचे, म्हणून वर्गात तो तोंड उघडत नसे. खरं सांगू? मी त्याला मठ्ठच समजत होते. तो हळूच म्हणाला, "बाई, त्याला पाऊस नको. आमच्या गावाला पाऊस कमी."

मी चपापले. खरंच की! सासवडकडे पाऊस बेताचा. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर! उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत अंजिरात साखर भरते, म्हणून शेतकरी त्याला मीठा बहार म्हणतात. पावसाळ्याच्या ओलीतला तो खट्टा बहार. नावातच सगळं आलं!

मग त्याच झाडाची फांदी मोठ्या कुंडीत लावली. कुंडीला खाली भोकं पाडली. पावसाळाभर ती पडवीच्या कडेला, उजेडात ठेवली. ऑक्टोबरात छाटणी केली आणि कुंडी उन्हात आणली. फळं पिकू लागल्यावर पाणी बेतानं दिलं. मार्चमध्ये सात अंजिरं पिकली! मऊ होऊन मान टाकेपर्यंत तोडली नाहीत, कारण कच्चं तोडलेलं अंजीर नंतर गोड होत नाही. तुम्हीही लावून बघा. चीक मात्र अंगाला लागू देऊ नका, खाज सुटते.

पहिलं अंजीर त्या मुलाला दिलं. तेव्हा तो चौथीत होता आणि वर्गात सगळ्यांत जास्त बडबड त्याचीच!

झाडाला काय, मुलाला काय, नावं ठेवण्याआधी त्याला कुठलं हवामान मानवतं ते बघावं. तुमच्या या बाईंना ते जरा उशिराच कळलं, बरं का!