भरतपूरचे न आलेले पाहुणे

मथुरा-वृंदावनाची यात्रा एकदां तरी घडावी, ही आमच्या आत्याबाईंची फार दिवसांची इच्छा. ती यंदाच्या पौषांत फळाला आली. आत्याबाई, मी, सौ. आणि वडील बंधूंचा मुलगा माधव अशी चार मंडळी मुंबईहून निघालों. माधव प्राणिशास्त्राचा विद्यार्थी असून त्याला पक्ष्यांचें विलक्षण वेड आहे. कोट्यावरून मथुरेला जाणारी गाडी वाटेंत भरतपूरला थांबते, हें त्यानें निघण्यापूर्वींच हेरून ठेविलें होतें. "काका, देव कांहीं पळून जात नाहींत, एक दिवस भरतपूरला उतरूं या," असा त्याचा आग्रह. आत्याबाईंनीं त्याला रुकार दिला, तेव्हां माझा प्रश्नच उरला नाहीं.

प्रवासांत माधवच्या मांडीवर एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ होता. सन १९८३ च्या फेब्रुवारींत याच भरतपुरांत जगांतील क्रौंचांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तींत वाचल्या गेलेल्या निबंधांचा हा संग्रह १९८७ सालीं प्रसिद्ध झाला. क्रौंचकुळांतील पक्षी कोठें अंडीं घालतात, कोठें हिंवाळा काढतात, काय खातात, किती उरले आहेत, यांविषयीं देशोदेशींच्या विद्वानांनीं जें जें पाहिलें व मोजलें तें त्यांत ग्रथित झालें आहे. परिषदेला भरतपूरच कां निवडलें, असें मीं विचारलें. माधव म्हणाला, "सायबेरियांतून येणारे पांढरेशुभ्र क्रौंच हिंदुस्थानांत नेमानें उतरत, तें ठिकाण त्या काळीं हेंच राहिलें होतें, म्हणून."

आत्याबाई जपमाळ बाजूला ठेवून ऐकत होत्या. त्यांनीं विचारलें, "मग आतां येतात ना रे ते?"

"नाहीं, आत्याआजी. २००१-०२ च्या हिंवाळ्यांत एक जोडी आली होती. त्यानंतर एकही नाहीं."

"अगबाई! मग एवढ्या विद्वानांनीं जमून केलें तरी काय?"

माधव निरुत्तर झाला. खरें सांगावयाचें तर मीही झालों. हा प्रश्न मनांत घेऊनच आम्हीं दुसरे दिवशीं भल्या पहांटे केवलादेव उद्यानाच्या दारांत पाऊल टाकिलें.

थंडी कडाक्याची होती आणि धुकें इतकें दाट कीं, दहा पावलांवरचें झाड दिसेना. उद्यानांत मोटारींना फार आंत मज्जाव असल्यामुळें पायीं, सायकलीवर किंवा सायकलरिक्षांतून हिंडावें लागतें. येथील रिक्षावाले नुसते रिक्षा हांकीत नाहींत. पक्ष्यांचीं नांवें, त्यांच्या खोडी व ठिकाणें त्यांना मुखोद्गत असतात. आमचा रिक्षावाला साठी उलटलेला, जवळच्याच एका खेड्यांतला गृहस्थ होता. तो हिंदी बोले. पण पक्ष्याचें इंग्रजी नांव अशा सफाईनें उच्चारी कीं माधवही चकित होई.

हें उद्यान सुमारे २९ चौरस किलोमीटरांचें आहे. मुळांत ही एक खोलगट जमीन. गंभीर व बाणगंगा या नद्यांचें पाणी अजान बंधाऱ्यांत अडवून तें कालव्यानें येथें सोडीत. भरतपूरच्या संस्थानिकांनीं येथें बांध घालून पाण्याचे निरनिराळे वाफे पाडले. हेतु एवढाच कीं, बदकें भरपूर यावींत आणि शिकारीची मौज व्हावी. मध्यभागीं केवलादेव महादेवाचें लहानसें मंदिर आहे. त्यावरूनच उद्यानाला नांव मिळालें. मंदिराजवळ दगडी पाट्या उभ्या असून कोणत्या दिवशीं, कोणत्या बड्या पाहुण्याच्या सन्मानार्थ, किती पक्षी मारले याची नोंद त्यांवर कोरली आहे. १२ नोव्हेंबर १९३८ या दिवसापुढें व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीचा आंकडा आहे ४,२७३! सौ.नें तो दोनदां वाचला आणि ती मुकाट्यानें मंदिराकडे वळली.

पुढें काळ पालटला. १९५६ मध्यें येथें पक्ष्यांचें अभयारण्य झालें. तरी माजी महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत शाबूत होता. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें डॉ. सालिम अली यांच्या देखरेखीखालीं साठीच्या दशकांत येथें हजारों पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाचीं वाळीं घालून त्यांना सोडून दिलें. त्यांतलें एखादें वाळें दूर उत्तरेला सांपडून त्याचें पत्र मुंबईस आलें म्हणजे पक्ष्याच्या वाटेचा एक टप्पा उलगडे. १९८१ सालीं हें ठिकाण जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादींत गेलें, १९८२ त राष्ट्रीय उद्यान झालें आणि १९८५ त जागतिक वारसा ठरलें. ज्या पाण्यावर बंदुका रोखल्या, त्याच पाण्यावर दुर्बिणी रोखल्या जाऊं लागल्या.

धुकें विरळ होतांच जो देखावा दिसला तो विसरूं म्हटलें तरी विसरतां येणार नाहीं. पाण्यांतल्या बाभळींवर चित्रबलाकांचीं घरटीं एकावर एक, जणूं चाळीचे मजले! पावसाळ्याच्या अखेरीस जन्मलेलीं पिलें आतां बापाएवढीं झालीं होतीं, तरी खाण्यासाठीं हट्ट चालूच होता. एका फांदीवर तिरंदाज पंख पसरून उन्हांत वाळवीत बसला होता. खालीं तलवार बदकें, थापटे, आणि हिमालय ओलांडून येणारे, माथ्यावर दोन काळे पट्टे ओढलेले कादंब हंस. एक काळाकुळकुळीत पक्षी कपाळावर पांढरा टिळा लावून टाळकऱ्यांसारखा थव्यानें चालला होता. "ह्याला आपल्याकडे वारकरी म्हणतात," असें माधवनें सांगतांच आत्याबाईंनीं हात जोडले. "बरें झालें, पंढरीचें कुणी तरी भेटलें!"

मग मीं रिक्षावाल्याला त्या सायबेरियन क्रौंचांविषयीं विचारलें. त्यानें रिक्षा थांबविली व डावीकडच्या उथळ पाण्याकडे बोट केलें. "तेथें उतरत, साहेब. मीं पुष्कळ वेळां पाहिले आहेत. शेवटची जोडीही पाहिली. पुढच्या वर्षीं आम्ही सारे होळीपर्यंत वाट पाहत होतों."

हा क्रौंच अंगानें दुधासारखा पांढरा, तोंड तांबडें, आणि पंखांचीं टोकें काळीं. पण तीं उडतांनाच दिसतात. पश्चिम सायबेरियांत ओब नदीच्या खोऱ्यांतील दलदलींत त्याचें माहेर. तेथून अफगाणिस्तानावरून हजारों किलोमीटर उडत तो भरतपूरला येई. गुडघाभर पाण्यांत उभा राहून चोंचीनें चिखल उकरून पाणगवतांचे कंद खाणें हा त्याचा उद्योग. मादी अंडीं दोन घालते, परंतु बहुधा एकच पिलूं वाढतें; तें आईबापांसंगें हिंवाळ्याला येई व त्यांच्याकडूनच वाट शिके. १९६४-६५ च्या हिंवाळ्यांत येथें सुमारे २०० क्रौंच मोजले गेले. परिषद भरली त्या सुमारास तीस-चाळीसच उरले होते. म्हणजे विद्वान जमले ते आजाऱ्याच्या उशाशीं वैद्य जमावेत तसे!

आणि उपचार थोडे झाले नाहींत. जॉर्ज आर्चिबाल्ड व रॉन सॉई या दोन तरुणांनीं १९७३ त अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतांत क्रौंचांसाठीं एक संस्था काढली. सॉई यांनीं तर भरतपूरच्या या क्रौंचांचा वर्षानुवर्षें अभ्यास केला. रशिया व अमेरिका यांच्यांत विस्तव जात नव्हता अशा दिवसांत, १९७७ सालीं, सायबेरियांतून या पक्ष्याचीं अंडीं ऊब देत विमानानें विस्कॉन्सिनला नेलीं. १९८१ मध्यें तेथें पाळलेल्या क्रौंचांना प्रथमच पिलूं झालें. १९९३ त या पक्ष्याच्या वाटेवरील देशांच्या सरकारांनीं त्याच्या रक्षणाचा करार केला. त्याच सुमारास पाळीव पिलें भरतपुरास आणून रानांतल्या क्रौंचांजवळ सोडून पाहिलीं. पण परतीच्या वेळीं तीं त्यांच्यामागोमाग उडालीं नाहींत. वाटेंत होणारी शिकार आणि आटत गेलेल्या पाणथळी यांपुढें हे सारे प्रयत्न थिटे पडले. याच जातीचे हजारों पक्षी आजही चीनमधील पोयांग सरोवरावर हिंवाळा काढतात; परंतु भरतपूरची वाट ठाऊक असलेलें कुळ संपलें. पुस्तक हरवलें तर त्याची दुसरी प्रत मिळेल. पण ज्यांना तोंडपाठ होतें तीं माणसेंच गेलीं तर काय, असा हा प्रकार.

याच भूमीवर दुसरी एक गोष्ट घडली. रिक्षावाल्याचे वडील आपल्या म्हशी येथें चारीत असत. आसपासच्या खेड्यांचा तो पिढीजात शिरस्ता. उद्यान राष्ट्रीय झाल्यावर नोव्हेंबर १९८२ पासून गुरांना बंदी झाली. गुरांमुळें पक्ष्यांना उपद्रव होतो, असा पुष्कळ जाणत्यांचा दृढ समज होता. गांवकऱ्यांनीं विरोध केला, पोलिसांनीं गोळीबार केला व त्यांत कांहीं माणसें मेलीं. तीन महिन्यांनीं याच गांवीं परिषदेची मंडळी जमली.

पण सृष्टीनें वेगळाच निवाडा दिला. मुंबईच्या त्याच संस्थेचे संशोधक १९८० पासून सुमारे दहा वर्षें येथें ठाण मांडून पाणी, गवत, मासे, पक्षी यांची मोजदाद करीत होते. बंदीनंतर त्यांना दिसलें कीं, ज्या पाणगवताला म्हशी चरून आवरून धरीत तें आतां अनिर्बंध माजलें आहे. उघडें पाणी झांकलें जात आहे, आणि कंद उकरणाऱ्या क्रौंचाला व पोहणाऱ्या बदकांना जागा उरत नाहीं. म्हशी पक्ष्यांच्या वैरिणी नव्हत्या, उलट न बोलावतां राबणाऱ्या मोलकरणी होत्या! शास्त्रज्ञांनीं हा निष्कर्ष दडवून ठेविला नाहीं. आपल्याच पंथाच्या समजुतीविरुद्ध तो प्रसिद्ध केला. पुढें गांवकऱ्यांना गवत कापून नेण्याची मुभा मिळाली. ही हकीकत सांगून रिक्षावाला म्हणाला, "आमच्या वडिलांना विचारलें असतें, तर त्यांनीं दहा वर्षें न लावतां सांगितलें असतें." त्याच्या बोलण्यांत राग नव्हता, म्हणूनच तें अधिक लागलें. माधव खालीं मान घालून वहींत कांहीं तरी टिपूं लागला.

संकटें अद्याप संपलेलीं नाहींत. गंभीर नदीवर करौलीकडे पांचना धरण झाल्यावर २००४ सालीं उद्यानाचें पाणी तुटलें. शेतकऱ्याचें पीक कीं पाखरांचें तळें, असा तो पेंच. आणि दोघांचीही तहान खरी. पुढें गोवर्धनच्या नाल्यांतून व चंबळेवरून नळानें पाणी आणण्याची तजवीज करावी लागली. आम्ही पाहिलेले ते बाभळीवरचे मजले असे उसन्या पाण्यावर उभे आहेत!

परततांना ऊन कललें होतें. दूर शेताच्या कडेला सारसांची एक जोडी उभी होती. एकानें मान आकाशाकडे करून आरोळी दिली, तिला दुसऱ्यानें तत्काळ साथ केली. त्या दुहेरी नादानें सारा माळ भरून गेला. वाल्मीकींच्या शोकाचा श्लोक झाला तो क्रौंच म्हणजे हाच सारस, असें कांहीं पंडित मानतात. आत्याबाईंना ती कथा ठाऊक होतीच. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माधवा, तमसेच्या कांठीं तो पक्षी ऋषींच्या हातून कुठें वांचला? पण त्यांनीं पाहिलें, आणि तें मनाला लावून घेतलें. तुझ्या विद्वानांनींही तेवढें केलें म्हण. सकाळीं मी उगीच बोललें."

माधव म्हणाला, "उगीच नाहीं, आत्याआजी. क्रौंचाच्या वेळीं उशीर झाला, म्हणून तर सारसांची मोजणी आतांपासून हवी. आणि ती करतांना आधीं शेतकऱ्याला विचारायला हवें."

मला वाटतें, सकाळच्या प्रश्नाचें उत्तर एवढेंच आहे. चार विद्वान जमल्यानें पक्षी वांचतोच असें नाहीं. पण मोजणारा नसेल, तर तो गेल्याचें देखील कोणाला कळणार नाहीं. आणि मोजणाऱ्यानें शेजारच्या गुराख्याचें ऐकलें नाहीं, तर मोजूनही हातचें जाईल. रिक्षावाल्याला पैसे देऊं लागलों तेव्हां माधवनें त्याचा पत्ता विचारून घेतला. पुढच्या हिंवाळ्यांत तो महिनाभर येथें येऊन राहणार आहे. परवानगी मला विचारलीच नाहीं. ती आत्याबाईंनीं मथुरेच्या गाडींत बसतांबसतांच देऊन टाकिली होती.