मस्टरवरचं नाव

आमच्या घरी कोनाड्यात एक हातोडी आहे. दांडा गेलेली. 1972 च्या दुष्काळात आजीनं तिनं खडी फोडली.

"पाऊस नव्हता, खरंय. पर सावकाराच्या बळदात जोंधळा व्हताच की," आजी म्हणते. "आपल्यापाशी पैका नव्हता. मस्टरवर नाव लागलं आन् चूल पेटली."

मिलोची लाल भाकर, पोरांना सुकडी. दुष्काळानं सगळ्यांना एका रांगेत खडी फोडायला बसवलं. पाण्याचा डेरा मात्र तिथंही आमचा वेगळाच.

मी सूतगिरणीत. शाळा नववीत सुटली. रात्रपाळी संपली की मिळेल ते वाचतो. अमर्त्य सेन यांचं 1981 चं दुष्काळांवरचं पुस्तक इंग्रजीत. एका दोस्तानं समजावून सांगितलं. त्यात बांगलादेश आहे. पुराचा, वादळाचा देश. 1974 च्या पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेला पूर आला. शेतं बुडाली, मजुराची रोजी बुडाली, तांदळाचा भाव चढला. रंगपूर, मैमनसिंगकडं माणसं भुकेनं मेली. सरकारी आकडाच 26 हजारांचा. बाहेरचे अंदाज कितीतरी मोठे. आणि ऐका, त्या साली तिथं माणशी धान्य मागच्यापुढच्या सालांपेक्षा जास्त होतं! पुरात गेलेलं पीक तर वर्षाखेरीला कापायचं होतं. माणसं त्याआधीच मेली.

आपल्याकडं पीक खरोखरच करपलं होतं. तरी तशी प्रेतं पडली नाहीत. मे 1973 ला महाराष्ट्रात जवळजवळ 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. ती कामं नुसत्या दयेनं नाही मिळाली, मोर्चे काढावे लागले. पुढं 1977 ला रोजगार हमीचा कायदा झाला.

म्हणजे दाणा कमी असून माणूस जगतो, दाणा असून मरतो. मधे असते रोजी. ज्याला जमीन नाही त्याची रोजी आधी जाते. आणि जमीन कुणाला नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

2013 पासून धान्याचाही कायदा आहे. गेल्या महिन्यात आजी रेशनच्या दुकानात गेली. झिजलेला अंगठा मशीनवर उठेना. पिशवी रिकामीच घेऊन आली. दुकानात गव्हाची थप्पी होती.

दोस्तांनो, पूर आला, पाऊस गेला, की साहेब लोक बुडालेलं पीक मोजायला येतात. तुम्ही वस्तीत जा. कुणाची रोजी बुडाली ते मोजा. कामाचा अर्ज लिहून द्या. मस्टरवर नाव चढेस्तोवर कचेरीच्या पायरीवरनं उठू नका.