आधी जमीन बघ

हल्ली कोणत्याही घरी पाहुणे म्हणून जा, चहा येण्याआधी मुलांच्या गेमची तक्रार येते. पालकसभेत तर ती आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. आम्ही उभयतां शिक्षक, आमच्यापैकी एकाचे विषय उर्दू आणि मराठी, दुसरीचे गणित. तक्रार करणारे सगळे 'गेम' हा एकच शब्द वापरतात. पण नुसते पळत गोळ्या झाडण्याचा खेळ वेगळा आणि पटावर बसून विचार करायला लावणारा वेगळा. हा फरक आम्हाला आमच्या धाकट्याच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसल्यावर नीट दिसला. त्याबद्दल चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

आमचा थोरला दीड वर्षापूर्वी दोहाला नोकरीसाठी गेला. घरची परिस्थिती सांगण्यासारखी काही वेगळी नाही. विनाअनुदानित तुकडीवरचा पगार, अम्मींचे औषधपाणी, धाकट्याची पुढची फी. व्हिसा आला तेव्हा जाण्याला अवघे काही दिवस उरले होते, आणि धाकट्याला ही गोष्ट सगळ्यांत शेवटी कळली. तो रडला नाही, भांडला नाही. फक्त भावाशी बोलायचा बंद झाला. फोन हातात दिला की "हूं", "ठीक आहे", "दादीला देतो", एवढेच. दोन खोल्यांच्या घरात असला अबोला फार जागा व्यापतो.

मग थोरल्याने त्याला एक गेम भेट पाठवला आणि एवढाच निरोप दिला, "दोघांनी मिळून खेळायचा आहे, एकट्याने नाही." दर शुक्रवारी थोरल्याला सुट्टी असते. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा दोहात साडेपाच होतात. त्या वेळी दोघे बसू लागले. धाकट्याचे बारावीचे वर्ष, त्यामुळे नातेवाइकांनी लगेच सल्ला दिला, बंद करा हे खूळ. आम्ही म्हटले, निकाल लावण्याआधी पेपर तपासायची आमची सवय आहे. धाकट्याच्या हेडफोनची एक बाजू बिघडलेली असल्याने आवाज स्पीकरवरच असायचा. तेव्हा शेजारी बसून ऐकण्यात चोरून ऐकण्यासारखे काही नव्हते.

खेळाचे नाव 'डिव्हिनिटी ओरिजिनल सिन 2'. बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या लॅरियन स्टुडिओज या कंपनीने तो 2017 साली बाजारात आणला. आपल्या बाजूला 4 पात्रे. लढाई पाळीपाळीने चालते, बुद्धिबळासारखी. प्रत्येक पाळीला ठरावीक अंक मिळतात. चालायला अंक खर्च होतात, तलवार चालवायला होतात, मंत्र टाकायलाही होतात. समोर शत्रू बहुधा आपल्यापेक्षा जास्त आणि जाड चिलखतातले. धाकटा पहिल्या काही लढायांत सरळ अंगावर धावून गेला आणि दर वेळी चारही पात्रे आडवी झाली. थोरला तिकडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगायचा.

"शत्रूकडे नंतर बघ. आधी जमीन बघ."

या जमिनीबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण सगळी गंमत तिथेच आहे. या खेळात जमीन ही नुसती पायाखालची फरशी नाही. पाऊस पाडला की डबके साचते आणि त्यात उभे असलेले सगळे ओले होतात. डबक्यात वीज सोडली की ती पाण्यातून सगळ्यांपर्यंत पोहोचते, आणि ज्याचे जादूपासून राखणारे कवच आधीच झिजलेले आहे तो जागीच थिजून आपली पाळी गमावतो. त्याच पाण्याला थंडी लागली तर बर्फ होतो आणि धावणारा घसरून पडतो. आग लागली तर पाण्याची वाफ होते, आणि त्या वाफेलाही वीज धरते. सांडलेल्या तेलावर पाय जड होतात. तेलाला ठिणगी लागली की काय होते ते सांगायला नको. विषाचे डबकेही पेट घेते, विषारी धुराचा तर स्फोट होतो. लढाईत जमिनीवर सांडलेल्या रक्तातूनही वीज वाहते. धाकट्याला हे कळले त्या दिवशी त्याने अर्धा तास वहीत रकाने आखून काय कशात मिसळले की काय होते याचा तक्ता केला. रसायनशास्त्राच्या वहीत त्याने इतक्या आपुलकीने रकाना आखलेला आम्ही कधी पाहिला नव्हता. (शुद्ध पाणी विजेचे फार वाईट वाहक असते, हे आम्ही मध्येच सांगून पाहिले. दोघांनी ऐकून घेतले.)

आणि उंची. छपरावर, कड्यावर, जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा असलेला तिरंदाज लांबपर्यंत मारतो आणि त्याचा बाण जास्त लागतो. तेव्हा लढाई सुरू होण्याआधीच, बोलणी चालू असताना, दोन पात्रे गुपचूप वर चढवून ठेवायची. हे थोरल्याचे खास काम.

पहिल्या बेटावर समुद्रकिनाऱ्यावर तीन मगरींशी गाठ पडते. त्यांतली एक मधूनच गायब होऊन दुसरीकडे उगवते, कारण तिने जादूचे हातमोजे गिळलेले असतात. तिला मारले की ते हातमोजे आपल्याला मिळतात, आणि त्यांनी कोणालाही उचलून दुसरीकडे टाकता येते. धाकट्याला वाटले, आता शत्रूला उचलून आपल्या तलवारवाल्यापुढे टाकायचे. थोरला म्हणाला, "तसं नको. त्यांचा वरचा तिरंदाज उचल आणि त्यांनीच पेटवलेल्या आगीत सोड." एका चालीत शत्रूची उंची गेली, आणि आग लावायचा आपला खर्चही वाचला. ती चाल पाहून गणिताच्या बाई खुर्ची पुढे ओढून बसल्या, आणि तेव्हापासून त्यांची खुर्ची तिथेच आहे.

अम्मींचा आक्षेप वेगळा होता. "हा सगळा जादूटोणा आहे," त्या म्हणाल्या. यावर उर्दूच्या मास्तरांनी त्यांना त्यांच्याच माहेरची आठवण करून दिली. अम्मींचे वडील रात्री मुलांना अमीर हमजाच्या दास्तानीतले किस्से सांगत. 'तिलिस्म-ए-होशरुबा' लखनौच्या नवल किशोर प्रेसने 1883 पासून खंडाखंडाने छापायला घेतले, आणि त्यातला जादूगारांचा पसारा पाहिला तर हा बेल्जियमचा खेळ अगदीच काटकसरी वाटेल. त्या दास्तानीत जादूगारांच्या फौजांना पुरून उरतो तो अमर अय्यार. त्याच्याकडे जादू नाही, पैलवानाचे बळ नाही. त्याच्याकडे वेषांतर आहे, बेशुद्ध करणारी पूड आहे, जगातले सगळे मावेल अशी जंबील नावाची पिशवी आहे, आणि समोर जे दिसेल ते कामाला लावणारी नजर आहे. अम्मी ऐकून गप्प राहिल्या. पुढच्या शुक्रवारी त्या स्वतःच येऊन बसल्या आणि धाकट्याला विचारू लागल्या, "बेटा, आता तुझ्या जंबीलमध्ये काय उरलंय?" तेलाचे एखादे पिंप दिसले की त्यांचा सल्ला ठरलेला, उचलून ठेव, पुढे उपयोगी पडेल. हा खेळ मुरलेल्या खेळाडूंप्रमाणे खेळायला त्या दोन आठवड्यांत शिकल्या.

जमिनीचा असा वापर काही यांनीच पहिल्यांदा केलेला नाही. थोरला सांगतो की जपानमध्ये 1997 साली निघालेल्या 'फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स'मध्ये चढ-उताराला फार महत्त्व होते. त्यातल्या डॉर्टर नावाच्या व्यापारी शहरातल्या लढाईत छपरावरचा तिरंदाज नवख्या खेळाडूला रडवतो. त्यात एक पात्र तर असे की आपण ज्या मातीवर, गवतावर किंवा पाण्यावर उभे आहोत त्यावरून त्याचे हत्यार ठरते.

पण आम्हाला जपानपर्यंत जायची गरज वाटली नाही. एका शुक्रवारी मुलांनी उंचावरून पाऊस पाडून खालची फौज अडवली तेव्हा आमच्या तोंडून सहज निघाले, "ही तर भातवडी झाली." स्पीकरवरून थोरला म्हणाला, "म्हणजे काय, अब्बा?" मग खेळ तसाच थांबवून आम्ही सांगितले. अहमदनगरजवळचे भातवडी, साल 1624. एका बाजूला मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा, दुसऱ्या बाजूला निजामशाहीचा कारभार पाहणारा मलिक अंबर. हबश देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि दख्खनमध्ये येऊन राज्य सांभाळणारा माणूस. फौज समोरच्यांपेक्षा थोडी. त्याने तलावाचा बांध फोडून पाणी सोडले, वाटा चिखलाने भरून गेल्या, आणि मोठ्या फौजेचा मोठेपणाच तिला जड झाला. रात्रीचे छापे, रसद तोडणे, ही बर्गीगिरी तर चालूच होती. या लढाईत शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी याच लढाईत कामी आले. याच मलिक अंबरने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवले आणि तिथे नहर खोदून नळांनी पाणी आणले. पाणी शहरात कसे आणावे हे ज्याला कळत होते, त्यालाच ते कुठे आणि कधी सोडावे हेही कळत होते. पाठ्यपुस्तकात मलिक अंबर दोन ओळींत उरकतो, याचे आम्हाला नेहमीच वाईट वाटते.

धाकट्याने विचारले, "पण अब्बा, त्या पाण्यात आसपासच्या लोकांची शेतं पण गेली असतील ना?"

प्रश्न खेळातूनच आला होता. त्या खेळात आग कोणाची बाजू घेत नाही. आपण पेटवलेल्या तेलात आपलाच माणूस अडकतो, आणि शेजारी उभा असलेला, ज्याचा या भांडणाशी संबंध नाही असा माणूसही जळून जातो. आधीच्या आठवड्यात धाकट्याने एक लढाई जिंकली होती, पण ज्याच्याकडून पुढची वाट कळायची तो म्हातारा त्याच धुरात गेला होता. थोरला तिकडून म्हणाला, "म्हणून लढाई सुरू करायची जागा आपण निवडायची. शत्रूला वस्तीतून बाहेर यायला लावायचं." पुढे दोघे तसेच खेळू लागले. त्यात वेळ जास्त जातो.

वेळेचीच गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. पाळीपाळीने चालणारा खेळ तुमच्यासाठी थांबतो. पडद्यावर पात्रे तशीच उभी राहतात आणि तुम्ही हवा तितका वेळ जमीन न्याहाळू शकता. या थांबण्यात बोलणे होते. पहिले काही आठवडे ते फक्त "तू वर चढ", "मी पाऊस पाडतो", "थांब, माझा माणूस पाण्यात आहे" एवढेच होते. मग हळूहळू, आज मेसमध्ये काय होतं, खोलीत कोण नवीन आलं, दादीचं गुडघ्याचं काय, हे सगळे येऊ लागले. फोनवर समोरासमोर बसवल्यासारखे बोलावे लागते. इथे दोघांचीही नजर तिसऱ्याच गोष्टीवर असते, म्हणून जीभ सैल सुटत असावी.

एकदा असाच खेळ थांबला होता. पडद्यावर पाऊस पडत होता. धाकटा एकदम म्हणाला, "भाई, तू मला आधी का नाही सांगितलंस?"

तिकडून बराच वेळ काही आले नाही. आम्हाला वाटले नेट गेले.

"तू मला अडवलं असतंस."

"हो. अडवलंच असतं."

"आणि मी थांबलो असतो. म्हणून नाही सांगितलं." मग जरा थांबून, "चल, तुझी पाळी आहे."

धाकट्याने पाळी खेळली. आम्ही दोघे पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो.

वाचकांना हा खेळ घ्याच असे सांगण्यासाठी हे लिहिलेले नाही. त्यात रक्तपात आहे, भाषा आणि काही प्रसंग मोठ्यांसाठीचे आहेत. अमेरिकेत त्याला सतरा वर्षांच्या पुढच्यांचा शिक्का आहे आणि तो योग्यच आहे. लहान भावंडे खोलीत असताना आमच्याकडे तो लावत नाहीत. तो लांबतोही फार, शुक्रवारमागून शुक्रवार जातात. आमच्याकडे नियम एकच, शुक्रवारी दोन तास, आणि आठवड्याचा अभ्यास झालेला नसेल तर थोरलाच तिकडून खेळ सुरू करत नाही. हा नियम आम्ही केलेला नाही, त्या दोघांचा आहे. गेम खेळून गुण वाढतात वगैरे दावेही आम्ही करणार नाही. इतकेच दिसते की धाकटा आता गणित सोडवताना लगेच पेन उचलत नाही. आधी काय काय दिले आहे ते वाचतो.

सध्या त्यांचा खेळ ब्लॅकपिट्स नावाच्या जागी अडला आहे. जमिनीतून तेल काढायची ती जागा, सगळीकडे काळी डबकी. तिथे लढाई पेटली की सगळी जमीन पेटते, आणि शाप लागलेली ती आग साध्या पावसाने विझत नाही. दोनदा हरून झाले. थोरल्याचे म्हणणे, आपण खाली उतरायचेच नाही, चौघांना आधीच उंचावर पसरून ठेवायचे. धाकट्याचे म्हणणे, एकाला खाली जावेच लागेल, कारण ज्या माणसाला वाचवायचे आहे तो खालीच आहे. वाद मिटला नाही, म्हणून लढाईच्या आधीची जागा सेव्ह करून ठेवली आहे. बारावीचा शेवटचा पेपर झाल्यानंतरच्या शुक्रवारी पुन्हा बसायचे ठरले आहे, आणि अम्मींनी बजावले आहे की त्या दिवशी त्यांचा डोळा लागला असला तरी उठवायचे.