गाळणी

माझा विषय मराठी. एम.ए.ला संतसाहित्य घेतले होते. इंजिनाशी माझा संबंध एवढाच, की लहानपणी आबांबरोबर विहिरीवर जाऊन त्याची डुगडुग ऐकत बसायचो. त्यामुळे पन्नाशी ओलांडलेला मुख्याध्यापक परसात कोपरापर्यंत तेलाने माखलेला पाहून आमच्या सौ.ने कपाळाला हात लावला, यात तिची काही चूक नव्हती.

निमित्त घडले शाळेच्या स्नेहसंमेलनाचे. जानेवारी २०१९ मधली गोष्ट. शेवटच्या दिवशी मुलांना पुरी-भाजी दिली. नंतर हिशेब तपासताना ‘जुने तेल विक्री, १८० रुपये’ अशी जमा दिसली. मी सही केली आणि आचाऱ्याला सहज विचारले, “घेतलं कुणी?”

“गेटाबाहेरच्या भज्याच्या गाड्यावाल्यानं की, सर.”

त्या गाड्यावर मधल्या सुट्टीत आमचीच मुले मिरचीभजी खातात. तळणाच्या तेलात ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली की ते खाण्याला वापरायचे नाही, हा नियम जुलै २०१८ पासून देशभर लागू झाला होता. आमच्या विज्ञानाच्या सरांनी तो फळ्यावर लिहूनही दाखवला होता. आणि इकडे तेच काळे तेल माझ्या सहीने मुलांच्या पोटात चालले होते.

गाड्यावाल्याला दम भरणे सोपे होते. पण त्याची मुलगी आमच्याच आठवीत. मी त्याला बाजूला घेऊन सांगितले. तो खाली मान घालून म्हणाला, “कळतंय, सर. पण टाकू कुठं? गटारीत?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते विज्ञानाच्या सरांनी दिले. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचे एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. आमच्या शेतात आबांनी ७२ च्या दुष्काळानंतर घेतलेले जुने, संथ इंजिन होतेच. वीज गेली की धाकटा भाऊ अजून त्यावरच उसाला पाणी देतो. मी गाड्यावाल्याला म्हणालो, “तुमचं जुनं तेल यापुढं शाळेला द्या. त्याच भावानं घेतो.”

मग गाळणी तयार झाली. गोड्या तेलाचे तीन रिकामे पत्र्याचे डबे, मोडक्या बाकाच्या लाकडाच्या घडवंचीवर एकाखाली एक. पहिल्या डब्याला तळापासून चार बोटे वर तोटी, म्हणजे खाली बसलेला गाळ खालीच राहावा. दुसऱ्याच्या तोंडावर बारीक जाळीची चाळण. तिसऱ्यात मुलाच्या जुन्या जीनचा पाय शिवून केलेली पिशवी. तिच्यातून तेल थेंबथेंब उतरे. शेवटी गॅरेजमधून आणलेला डिझेलचा फिल्टर. उतरलेले तेल मधासारखे नितळ दिसे. त्या दिसण्यावर मी भुललो.

विज्ञान प्रदर्शन तोंडावर आले होते. आठवडाभर तेल निवळू द्यायचे, तर मी दोन दिवसांतच गाळायला लावले. इंजिन डिझेलवर सुरू करून तेलावर घेतले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. अर्ध्या तासात काळा धूर आला, ठसके लागले आणि इंजिन बंद पडले ते पडलेच. ऐन मार्चमध्ये भावाचा ऊस पाण्यावाचून उभा.

मेस्त्रीने नोजल खोलले. मग उलथने तापवून त्यावर आमच्या नितळ तेलाचे दोन थेंब सोडले. तडतड झाली. “नीर ऐतिरी, सर,” तो म्हणाला. पाणी आहे. तळणात बटाट्याचे, कांद्याचे पाणी उतरलेले. ते कापडाने कसे गाळले जाणार? दुरुस्ती मी भरली. पण भाऊ पंधरा दिवस बोलला नाही. “पोरांच्या टाळ्यांसाठी माझं पीक लावलंस, अण्णा,” एवढेच म्हणाला. ते खरे होते.

पुढे मेस्त्रीनेच वाट दाखवली. तेल चुलीवर शंभर अंशांच्या वर तापवायचे, बुडबुडे थांबेपर्यंत; तेही मुलांना लांब ठेवून. मग निवू द्यायचे, गाळायचे आणि दर वेळी उलथन्यावर थेंब टाकून पाहायचे. खाद्यतेल डिझेलपेक्षा कितीतरी दाट, म्हणून नळी सायलेन्सरजवळून फिरवून ते गरम करून घ्यायचे. सुरू डिझेलवर आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा डिझेलवर. नाहीतर नळीत तेल थिजते, नोजलवर काजळी धरते. नव्या ट्रॅक्टरला हे पाजू नका, असेही त्याने बजावले. महिन्याला एखादा डबा तेल मिळे. त्यात डिझेलची फार बचत नव्हती. पण गटारीचा प्रश्न सुटला होता.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली, गाडाही उठला. डबे कोरडे पडले. शाळा पुन्हा भरल्यावर काही दिवसांनी भावाचा फोन आला, “अण्णा, तेलाचा डबा कधी पाठवतोस?” मी गेटाबाहेर डोकावलो. गाडा आला होता.

त्याने कॅन पुढे केला, मग कागदावर दोन मिरच्या ठेवून माझ्या हातात दिल्या. “तेल आजचंच हाय, सर,” म्हणाला. भोवती मुले उभी होती. मी तिथेच, त्यांच्यासमोर खाल्ल्या.