‘ल’चे बटण

माझ्या लॅपटॉपचे ‘ल’चे बटण ज्या दिवशी गेले, त्या दिवशी मराठी भाषेचे एक गुपित मला उमगले. इतकी वर्षे मी शाळेत व्याकरण शिकवतो आहे; पण पुस्तकाने जे कधी शिकवले नाही ते एका निकामी बटणाने शिकवले. ‘ल’ नसेल तर मराठीत भूतकाळ लिहिता येत नाही! गेला, आला, बसला, उठला, मेला : साऱ्यांच्या शेपटाला तो ‘ल’ बांधलेला. उरतो एक बिचारा ‘होता’. भविष्याचीही बरीचशी तीच गत. येईल, जाईल, मिळेल यांतले काही लिहायची सोय नाही. त्यातून मी ज्या कीबोर्डवर लिहितो त्यावर ‘ल’ आणि ‘ळ’ एकाच बटणावर राहतात. नुसते दाबले की ‘ल’, शिफ्ट धरून दाबले की ‘ळ’. म्हणजे ‘काळ’ हा शब्दसुद्धा हातचा गेला. माझ्याजवळ उरला तो निव्वळ वर्तमान. साधुसंतांना जन्मभर खटपट करून जे साधत नाही, ते मला घरबसल्या मिळाले. पण मी पडलो कादंबरीकार. आणि कादंबरीकाराचा सगळा धंदा भूतकाळावर चालतो.

दुरुस्तीवाल्याने यंत्र उलटेसुलटे करून पाहिले, आणि म्हाताऱ्या रोग्याच्या नातेवाइकांशी डॉक्टर बोलतात त्या सुरात तो म्हणाला, “सर, एक बटण सुटं येत नाही. अख्खा कीबोर्ड बदलावा लागेल. आणि २०१६ च्या मॉडेलचा आता मिळायचा नाही.” बाहेरून जोडायचा कीबोर्ड मी पाचशे रुपयांना आणून पाहिला, पण वायर जिथे खुपसायची ती जागाही सैल झालेली. जरा हात हलला की संबंध तुटे. शेवटी मी एक युक्ती काढली. जुन्या लेखातला एक ‘ल’ उचलायचा आणि लागेल तिथे नेऊन चिकटवायचा. शेजारणीकडून विरजण आणावे तसा!

अशातच १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख उजाडली. त्या दिवसापासून विंडोज १० ला सुरक्षेची नवी ठिगळे मिळणे थांबले. नाव नोंदवणाऱ्यांना वर्षभराची मुदतवाढ होती; पण पुढची पायरी जी विंडोज ११, ती इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरांना सहसा उंबरठा ओलांडू देत नाही. माझा होता सहाव्या पिढीतला. अवघ्या नऊ वर्षांत माझे यंत्र पणजोबा होऊन बसले होते.

“अहो, दिवाळी आलीच आहे. घेऊन टाका आता एकदाचा,” आमची ही म्हणाली. “त्या ‘ल’साठी रोज चडफडता, ते तरी थांबेल.”

वसुबारसेच्या दिवशी, १७ तारखेला, मी कराडच्या बाजारपेठेतल्या एका दुकानात गेलो. काउंटरमागे माझाच एक जुना विद्यार्थी निघाला. त्याने दोन लॅपटॉप शेजारी शेजारी मांडले. अंगाने, रंगाने, वजनाने सारखे, जुळे भाऊच. एक ५२ हजारांचा, दुसरा ५८ हजारांचा.

“सर, हा नुकताच रिफ्रेश झालाय,” महागड्यावर हात ठेवून तो म्हणाला.

रिफ्रेश! मला आमच्या मंडईतल्या भाजीवाल्या मावशी आठवल्या. दुपारनंतर मेथीच्या जुड्यांवर त्या पाण्याचा हात मारतात, तेही एक प्रकारचे रिफ्रेशच. पण इथला प्रकार अगदीच तसा नव्हता. पेटी तीच, पडदा तोच. आतला प्रोसेसर तेवढा पुढच्या पिढीचा. म्हणजे जुन्या वाड्यात नवी सून आल्यासारखे म्हणा!

मी पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि आमच्या घराण्यात संगणकाच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे वेदवाक्य.

“मामा, तुम्ही आत्ता काहीही घेऊ नका,” तो म्हणाला. “जानेवारीत लास व्हेगासला मोठं प्रदर्शन असतं. तिथं नवे प्रोसेसर जाहीर होतात. ते आले की हे उतरतील. अडीच महिन्यांचा तर प्रश्न आहे.”

मग त्याने दाखला दिला. ॲपलचा मॅकबुक एअर नव्या चिपसह २०२० मध्ये आला, मग २०२२ मध्ये, मग मार्च २०२४ मध्ये. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच किमतीत मेमरी ८ जीबीची १६ झाली. मार्च २०२५ मध्ये पुढची चिप आली, आणि आपल्याकडची सुरुवातीची किंमत १,१४,९०० वरून ९९,९०० वर उतरली. “म्हणजे बघा, फेब्रुवारीत ज्यांनी घेतला त्यांना जुनाही मिळाला आणि महागही पडला. थांबणाऱ्याचा कधी तोटा होत नाही, मामा.”

खरे म्हणजे थांबण्याचा मलाही अनुभव होता. त्याच सप्टेंबरात जीएसटी उतरणार म्हणून मी महिनाभर थांबलो होतो. २२ तारखेला दर उतरले. मोठे टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८ वर आले. लॅपटॉप मुळातच १८ वर होता, तो तिथेच राहिला. परंतु माणूस एका थांब्यावर फसला म्हणून दुसऱ्या थांब्यावर उभा राहत नाही असे थोडेच आहे?

मी विद्यार्थ्याला “बघतो” म्हटले आणि हात हलवीत घरी आलो.

संध्याकाळी हिने अंगणात गाय-वासरू मांडून पूजा केली. पितळेची इवलीशी जोडी आहे आमच्याकडे. आई ओसरीवर बसून पाहत होती. आई कोयनेच्या खोऱ्यातली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची होती. सुमारे १८० माणसे त्या भूकंपात गेली. आईचे घर पडले. माणसे मात्र वाचली, आणि वाचवले ते गोठ्यातल्या गाईने. दर वसुबारसेला आई ती हकिगत सांगे. गाय रात्रीच कशी हंबरू लागली, दावे कसे हिसडू लागली, आजोबा कंदील घेऊन कसे बाहेर गेले, त्यांच्यामागून बायकामुले कशी उठली, आणि मग पायांखालची जमीन कशी गरगरली. त्या दिवशीही तिने ती सांगितली. गाईचे नावही घेतले.

माझ्या अर्ध्यावर पडलेल्या कादंबरीचा जीव त्याच पहाटेत होता. मी म्हटले, “आई, नवा लॅपटॉप आला ना, की आपण दोघं निवांत बसू. तू सांग, मी सगळं लिहून घेतो.”

“घे बाबा, सवडीनं घे,” ती म्हणाली.

मग मी थांबलो. आणि थांबलेला माणूस थांबण्याविषयी फार वाचतो. अशा वाचनातच मला ॲडम ऑस्बोर्न भेटला. हा इंग्रज गृहस्थ, पण बालपण गेले तमिळनाडूत, तिरुवण्णामलैला. वडील आर्थर ऑस्बोर्न हे रमण महर्षींचे भक्त. ॲडमने पुढे अमेरिकेत १९८१ मध्ये उचलून नेता येईल असा संगणक बाजारात आणला. किंमत १,७९५ डॉलर, वजन सुमारे ११ किलो, पडदा ५ इंची. शिवणयंत्र पेटीत घालून न्यावे तसा तो न्यायचा. खप जोरात झाला. पण १९८३ मध्ये पुढच्या, अधिक चांगल्या मॉडेलची वार्ता आधीच फुटली. गिऱ्हाईक म्हणाले, थांबू या. दुकानदारांनी मागण्या मागे घेतल्या, आणि त्याच सप्टेंबरात कंपनीने दिवाळे काढले. कारणे इतरही सांगतात. तरी नवे येणार म्हणून चालू माल पडून राहण्याला आजही त्याचेच नाव आहे. अखेरची वर्षे त्याने कोडाईकनालला काढली आणि २००३ मध्ये तो तिथेच वारला. त्याच्याविषयी मला उगाच आपलेपणा वाटू लागला. नवे येणार म्हणून थांबलेल्यांनी त्याला बुडवले होते. आणि मी त्या थांबलेल्यांच्याच रांगेत उभा होतो.

रांगेवरून वडील आठवले. वडिलांनी बजाज स्कूटरसाठी नंबर लावला होता. त्या काळी स्कूटर म्हणजे वर्षानुवर्षांची प्रतीक्षा. मी पहिलीत असताना आमचा नंबर लागला. स्कूटर दारात आली तेव्हा गल्लीतली सारी मंडळी जमली. आईने तिला ओवाळले. याहून चांगली पुढच्या वर्षी येणार आहे काय, हे त्या गर्दीत कोणी विचारले नाही. वडीलही थांबले आणि मीही थांबलो. पण वडिलांना थांबवले होते. मी आपण होऊन थांबलो. त्यांच्या हातात नंबर तरी होता. माझ्या रांगेला नंबर नव्हता आणि शेवटही नव्हता. चिपवरचे घटक ठरावीक काळाने दुप्पट होत जातील, असे गॉर्डन मूर १९६५ मध्येच लिहून गेला. म्हणजे नवे हे नेहमीच येणार. ज्याला नव्यासाठीच थांबायचे आहे, त्याला खुशाल कायमचे थांबता येईल.

हे सारे मला कळत होते. पण कळणे आणि दुकानात जाणे यांत कराडपेक्षा मोठे अंतर आहे. शिवाय, खरे सांगायचे तर, मला ते थांबणे आवडू लागले होते. “कादंबरी कुठवर आली, सर?” असे कोणी विचारले की मी ऐटीत म्हणे, “नवीन मशीन यायचंय.” कसे सोज्ज्वळ कारण! बटण ‘ल’चे बिघडले होते, कादंबरी अडली होती ती पुढचे प्रकरण मला सुचत नव्हते म्हणून. पण तसे कोण कबूल करतो?

जानेवारी आला. लास व्हेगासचे प्रदर्शन झाले, नवे प्रोसेसर जाहीर झाले. संक्रांतीच्या संध्याकाळी आईच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि सहज विचारले, “आई, त्या गाईचं नाव काय गं?”

“कुठली गाय?”

“भूकंपातली. तुमची.”

आईने तिळगूळ हातातच धरला. तिच्या कपाळावर आठी उमटली. अलीकडे ती थोडे विसरे. देवापुढचा दिवा दोनदा लावी, नातीला माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारी. आम्ही वयाचे म्हणून हसून सोडून देत होतो. बराच वेळ ती अंगणाकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे वळून मोठ्या विश्वासाने म्हणाली, “तू लिहून घेतलं आहेस ना?”

मी काय बोलणार? वसुबारसेला ते नाव माझ्या कानांवरून गेले होते. पण त्या वेळी माझ्या डोक्यात ५२ हजार आणि ५८ हजार यांची वजाबाकी चालली होती. भाच्याचे म्हणणे असे की थांबणाऱ्याचा कधी तोटा होत नाही. लॅपटॉपपुरते ते खरे असेलही. आज घेतला नाही तर उद्या याहून बरा मिळतो. पण आईची आठवण काही दर वर्षी रिफ्रेश होऊन येत नाही. आणि ती लिहून घ्यायला प्रोसेसर कशाला हवा होता? शिसपेन्सिलीने भागले असते.

त्या रात्री मी लॅपटॉपला हातच लावला नाही. मुलीची एक अर्धी कोरी वही घेतली आणि आईच्या खाटेशी बसलो. ती जे सांगेल, जसे सांगेल, तसे उतरवीत गेलो. कंदील, ओसरी, आजोबांचे घोंगडे, पहाटेची थंडी. पुष्कळ होते, पुष्कळ निसटलेही होते. गंमत अशी की, पेनाला ‘ल’ लिहायला काहीच अडचण पडली नाही.

रविवारी दुकानात गेलो. थांबणाऱ्याचा तोटा होत नाही हेही खोटे ठरले. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य संगणककेंद्रांनी मेमरीच्या चिपांना एवढी मागणी केली की मेमरीचे भाव जगभर चढले. ५२ हजारांचा जुळा भाऊ आता ५७ हजारांना पडला. विद्यार्थ्याने संकोचाने पुढच्या महिन्यात काही सवलत येते का पाहू म्हटले. मी म्हटले, “पॅक कर.”

घरी पोहोचतो तोच भाच्याचा फोन. “मामा, घेतलात? अहो, उन्हाळ्यात याच्याही पुढचं मॉडेल येणार आहे!”

“येऊ दे,” मी म्हटले. “सुखानं येऊ दे.”

आता रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर तासभर आम्ही बसतो. आई सांगते, मी टाइप करतो. कधी तीच गोष्ट ती तिसऱ्यांदा सांगते. मी तिसऱ्यांदा लिहितो, कारण दर वेळी एखादा नवा तपशील गळाला लागतो. नवे बटण चांगले खणखणीत आहे. आजोबा उठले, कंदील लावला, गोठ्याकडे गेले : ‘ल’ भराभर उमटतात.

फक्त एका जागी मी थांबतो. गाईच्या नावाची जागा मोकळी सोडली आहे.