पंगतीत विषबाधा होते तेव्हा

लग्नसराई आली, जयंती आली की आपल्या वस्त्यांत मोठाल्या पंगती उठतात. कधीतरी अशा पंगतीनंतर निम्मी वस्ती उलट्या-जुलाबांनी हैराण होते. अशा वेळी लोक ‘काय खाल्ले?’ हे नंतर विचारतात. आधी विचारतात, ‘कोणी केले?’ मी मराठवाड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रावर आरोग्य सहाय्यक होतो. साथ लागली की गोळ्या वाटायच्या आणि लोकांना प्रश्न विचारायचे, हे माझे काम. त्या प्रश्नांनी माणसाची अब्रू कशी वाचते ते मी पाहिले आहे.

एका गावच्या शाळेत दुपारच्या जेवणानंतर दोन-तीन तासांत मुलांना उलट्या सुरू झाल्या. खिचडी शिजवणारी बाई आपल्या वस्तीतली, नवरा वारलेला, पदरी दोन लेकरे. “तिच्या हातचे खाल्ले म्हणूनच झाले, काढा तिला,” असे पारावर बोलणे सुरू झाले. मुलांना सलाईन लागल्यावर मी हजेरीपट मागून घेतला आणि एकेका मुलासमोर तीन गोष्टी लिहिल्या : काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, त्रास किती वाजता सुरू झाला. जी मुले धडधाकट होती त्यांनाही हेच विचारले. “बरे आहेत त्यांना कशाला विचारता?” असे एक गृहस्थ म्हणाले. पण खरी गोम तिथेच होती. खिचडी सगळ्यांनीच खाल्ली होती. आजारी पडली ती मुले, ज्यांनी खिचडीबरोबर बासुंदीही खाल्ली होती. ती एका मोठ्या घरातून मुलाच्या वाढदिवसाची म्हणून आली होती, आदल्या रात्री केलेली, रात्रभर उकाड्यात राहिलेली. पहिलीच्या वर्गापर्यंत ती पुरली नाही आणि तीच पोरे अंगणात खेळत होती. मी यादी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. दुसऱ्या दिवशी बाईने नेहमीप्रमाणे चूल पेटवली.

ही रीत काही मी शोधलेली नाही. साथरोगशास्त्र शिकणाऱ्यांना अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो भागाचे उदाहरण नेहमी देतात. तिथे १८ एप्रिल १९४० रोजी चर्चच्या जेवणानंतर लोक आजारी पडले. तपासणाऱ्यांनी ७५ जणांना विचारले; त्यांतले ४६ आजारी होते. व्हॅनिला आईस्क्रीम खाणारे ५४, त्यांत आजारी ४३. न खाणारे २१, त्यांत आजारी फक्त ३. म्हणजे खाणाऱ्यांत शंभरात ८०, न खाणाऱ्यांत शंभरात १४. मांसाच्या पदार्थाबाबत मात्र खाणारे आणि न खाणारे यांत असा फरक नव्हता. दोषी कोण ते आकड्यांनीच दाखवले.

त्रास कधी सुरू झाला, यावरूनही जंतूचा माग लागतो. एक ते सहा तासांत जोराच्या उलट्या झाल्या, तर बहुधा स्टॅफिलोकोकस. तो निरोगी माणसाच्याही नाकात आणि कातडीवर राहतो, फोडा-जखमेतून अन्नात उतरतो आणि तिथे विष तयार करतो. ते विष पुन्हा उकळूनही जात नाही. तासन्‌तास उघड्यावर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस वाढतो. त्याच्याही उलट्या लवकरच सुरू होतात. मटणाचा मोठा हंडा सकाळी उतरवून रात्री वाढला की आठ ते सोळा तासांनी पोटात कळा आणि जुलाब, तो क्लॉस्ट्रिडियम. या दोघांची बीजे उकळीतही जगतात आणि अन्न कोमट झाले की वाढू लागतात. बारा तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी, तापासह जुलाब झाले, तर साल्मोनेलाचा संशय घ्यावा.

यात जात कुठे आली? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आणि आपल्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तर ते बाटले म्हणून १०८ घागरी घेऊन शुद्धीकरण झाले. त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही होते. स्पर्शाने पाणी नासत नाही, शेणाने नासते, हे आज शाळेतले पोरही सांगेल. तरीही सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली शालेय पोषण आहार शिजवण्यासाठी दलित, आदिवासींना प्राधान्य द्या असे सांगितल्यावर, २०२१ साली उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात मुलांनी दलित बाईच्या हातचे जेवण नाकारलेच. अशा ठिकाणी उलटीचा एक प्रसंग झाला की जुना विटाळ ‘स्वच्छता’ हे नाव घेऊन परत येतो. म्हणून आपल्याला हिशेब मागता आला पाहिजे : किती जणांनी खाल्ले, किती आजारी पडले, न खाणाऱ्यांचे काय झाले?

आपल्या घरचीही शिस्त हवी. हात कुणाचाही असो, साबणाने धुतलेला असावा. बोटाला फोड, जखम किंवा जुलाब असलेल्याने त्या दिवशी चुलीजवळ जाऊ नये, मग ती सासू असो की आचारी. अन्न वाढण्याच्या वेळेपर्यंत वाफाळते असू द्या. उरलेला रस्सा हंड्यात ठेवू नका, पसरट परातीत काढून लवकर थंड करा. बासुंदी, खीर फ्रीजमध्ये ठेवायची सोय नसेल तर आदल्या रात्री करू नका.

आणि तरीही कोणी आजारी पडलेच, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजा. गुंगी, रक्ताचे जुलाब, लघवी बंद अशी लक्षणे दिसली तर लगेच दवाखाना गाठा. उरलेले अन्न फेकू नका, स्वच्छ डब्यात झाकून तपासणीसाठी द्या. वस्तीत शिकलेली मुले-मुली आहेत. त्यांच्या हाती वही द्या. त्याच संध्याकाळी घरोघर जाऊन त्यांनी तीन प्रश्न विचारावेत, आजाऱ्यांना आणि बऱ्यांनाही. दुसऱ्या दिवशी लोक विसरतात आणि अफवेला पाय फुटतात.