दुभाष्याच्या शोधात

आईला आता २८ पॉइंटांपेक्षा लहान अक्षर वाचता येत नाही. दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा हळूहळू ऱ्हास होत जाणारा तो विकार. कडेचे दिसते, नेमके समोरचे दिसत नाही. माणसाचा चेहरा पाहायचा असेल तर ती त्याच्या कानाकडे पाहते. संगणकाच्या पडद्यावर अक्षर हवे तेवढे मोठे करता येते हे खरे; पण पडद्याच्या उजेडाने तिच्या डोळ्यांना पाणी येते, आणि मुख्य म्हणजे पडद्यावर तांबड्या पेन्सिलीने खूण करता येत नाही. तिला खूण करायची असते. गेली काही वर्षे ती आपल्या आईकडून आणि आत्याकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या आठवतील तशा सांगते, मी त्या टंकित करते, मोठ्या अक्षरांत छापून तिच्या हाती देते, आणि संध्याकाळी खिडकीपाशी बसून, कागद तिरका धरून, ती माझ्या चुका काढते. एका पानावर चौदा-पंधरा ओळी मावतात. दर रविवारी दहा-बारा पाने. घरातला प्रिंटर हा आमच्या घरी असा स्वयंपाकघरातल्या उपकरणांच्या पंक्तीला जाऊन बसला होता. तो आहे याची आठवण तो बंद पडेपर्यंत कुणाला नव्हती.

खरे तर तो बंद पडलाच नाही. बंद पडला तो संगणक. २०१० च्या सुमारास घेतलेला, ३२-बिट विंडोज ७ वर चालणारा. त्या कार्यप्रणालीचा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला होता, तरी मी ती नेटाने वापरत राहिले होते. मदरबोर्ड गेला, नवा संगणक आला, त्यावर विंडोज ११ होती. प्रिंटर त्याहूनही जुना, २००७ चा. त्याच्या पोटातला ड्रम शाबूत, टोनर भरून देणारा माणूस अजून पेठेत बसतो, कागद ओढणारा रबरी रूळ एकदाच बदललेला. मी वायर जोडली. पडद्यावर ओळ आली : ड्रायव्हर उपलब्ध नाही.

‘ड्रायव्हर’ या शब्दाने पहिल्यापासून माझी दिशाभूल केली होती. चालक म्हटले की गाडी हाकणारा डोळ्यांसमोर येतो. प्रिंटर काही हाकावा लागत नाही, त्याचे चक्र तोच फिरवतो. मग हा करतो काय? या शोधाच्या पंधरवड्यात कळले ते असे, की त्याचे काम सारथ्याचे नसून दुभाष्याचे आहे. पेशवाईत फारसी पत्रव्यवहार पाहणारे पारसनीस असत, त्यांच्या जातीचा हा प्राणी. एका दरबाराची भाषा दुसऱ्या दरबारात पोचवायची. पारसनीस रजेवर गेला की दोन्ही दरबार आपापल्या जागी शाबूत असूनही कारभार ठप्प.

सगळ्याच प्रिंटरांना सारखा दुभाष्या लागतो असेही नाही. अॅडोबीने १९८४ साली आणलेली पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा आहे : इथे रेघ, इथे हे अक्षर, एवढ्या आकाराचे. ती समजणाऱ्या प्रिंटरच्या आत स्वतःचा छोटा संगणक असतो. वर्णन वाचून चित्र तो स्वतः काढतो. घरगुती प्रिंटर स्वस्त झाले ते पुष्कळदा हा आतला शहाणा काढून टाकल्यामुळे. माझा त्यांतलाच. त्याला ‘क’ म्हणजे काय हे माहीत नाही. त्याला फक्त ठिपका माहीत. इंचाला ६०० ठिपके धरले तर ए-फोर आकाराच्या एका पानाचे सुमारे साडेतीन कोटी ठिपके होतात. त्यांतला प्रत्येक काळा की पांढरा, हे संगणकातल्या ड्रायव्हरने ठरवून, त्या एका कंपनीच्या खासगी सांकेतिक लिपीत बांधून त्याला पाठवायचे. ती लिपी कंपनीने कुठे प्रसिद्ध केलेली नाही. दुभाष्या गेला की शब्दकोशही गेला.

(देवनागरीच्या बाबतीत या अडाणीपणाचा एक फायदाही होता, हे नोंदवले पाहिजे. आमच्या आधीच्या पिढीने वापरलेल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरांच्या स्मृतीत रोमन अक्षरे कोरलेली असत, देवनागरी नसे. मराठी उमटवायची तर अक्षराचे चित्र करूनच पाठवावे लागे. सीडॅकच्या जिस्ट कार्डाचे नाव त्या काळात संगणकावर मराठी लिहिणाऱ्यांच्या तोंडी असायचे ते असल्याच अडचणींपायी. ज्याला कोणतीच लिपी येत नाही, तो निदान पक्षपात तरी करत नाही.)

कंपनीच्या संकेतस्थळावर गेले. आपला प्रिंटर निवडा, निवडला. आपली कार्यप्रणाली निवडा. यादी ३२-बिट विंडोज ७ पाशी थांबत होती. खाली बारीक अक्षरांत, या उत्पादनाचा आधार समाप्त झाला आहे, अशी नोंद. मला वाटले, सात चालते तर अकराही चालेल; पुढच्या इयत्तेत गेलेल्या मुलाला मागच्या इयत्तेचे पुस्तक वाचता येतेच की. येत नाही. ३२-बिट काळातल्या बहुतेक साध्या आज्ञावली ६४-बिट विंडोजवर चालतात, पण ड्रायव्हरांना ती सवलत नाही. ते ६४-बिटच लागतात. आणि विंडोज ११ ही ३२-बिट रूपात निघालेलीच नाही. भाषा मराठीच, पण कागद मोडीत आणि वाचणारा फक्त बालबोध शिकलेला, असा तो प्रकार.

त्यानंतरचे चार दिवस मी ज्या गल्ल्यांतून फिरले त्यांचे वर्णन करण्यात अर्थ नाही. महाजालावर ड्रायव्हर शोधून देतो म्हणणाऱ्या स्थळांची एक जत्राच आहे. तिथे हिरवे मोठे बटण असते आणि त्याखाली खरे बटण लपवलेले असते, आणि ते खरे बटणही बहुधा खोटेच निघते. एकाने माझ्या संगणकात अठ्ठावीस दोष असल्याचे सांगितले. तो संगणक घेऊन चार दिवस झाले होते. आमच्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना विचारले, तर ते आधी पैसे भरलेत का एवढेच विचारते झाले. नाही म्हटल्यावर त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि नवा प्रिंटर घ्या, असा सल्ला दिला.

मी हट्टाला पेटले. त्याच कंपनीच्या जवळच्या क्रमांकाच्या प्रिंटरचा ६४-बिट ड्रायव्हर बसवून पाहिला. नावात दोनच अंकांचा फरक होता. आज्ञा दिली, प्रिंटरचा हिरवा दिवा काही वेळ लुकलुकला, जणू तो कान देऊन ऐकत होता, मग दिवा स्थिर झाला आणि कागद आलाच नाही. भलतेसलते काहीतरी छापून आले असते तरी बरे वाटले असते.

झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह घेऊन जाता येत नव्हते का? गेले होते. एकदा. आरंभीच्या ओव्या मी २००६ पासून टंकित केलेल्या आहेत, युनिकोड अंगवळणी पडण्यापूर्वीच्या एका फॉन्टात. दुकानातल्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता, आणि आजीच्या ओवीच्या जागी रोमन अक्षरांचा व विरामचिन्हांचा नुसता पाचोळा दिसत होता. त्यावर उपाय असतात, तेही केले. पण आईने विचारले, “तो दुकानदार वाचतो का गं ते?” वाचत नाही, म्हटले. “मग छापतो कशाला?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. अपुऱ्या, न तपासलेल्या ओव्या परक्याच्या हातून जाव्यात हे तिला रुचत नव्हते. हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रयत्नांतून लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला आहे, तिथे खेड्यापाड्यांतल्या बायांनी परक्यांसमोर मनमोकळे गायिले आहे, हे मी तिला सांगितले. “त्यांनी गायल्या,” ती म्हणाली, “कागद नाही दिला.”

दोन रविवार कोरे गेले. तिसऱ्या रविवारी तिला एका ओवीची दुसरी ओळ आठवेना; ती म्हणाली, छापलेले समोर असते तर आठवली असती. तोवर मी हे प्रकरण माझ्या हट्टाचे समजत होते.

अखेर आला तो माझा एक जुना विद्यार्थी. मराठी घेऊन बी. ए. झालेला, आता संगणकदुरुस्तीचे दुकान चालवतो आणि व्याकरणाच्या तासांना आपण झोपत होतो हे आनंदाने सांगतो. त्याने प्रिंटरची मागची पट्टी वाचली आणि विचारले, “मॅडम, एखादा जुना लॅपटॉप पडलाय का घरात?” पडला होता. त्याने त्यावर लिनक्स बसवले. मग प्रिंटर जोडला, एक यादी उघडली, आणि तीत माझ्या प्रिंटरचा क्रमांक होता. ज्या कंपनीने तो जन्माला घातला तिच्या यादीत नव्हता, इथे होता.

कसा काय, असे मी विचारले. तो म्हणाला, कुणीतरी बसून शोधून काढले असेल. अशा कामाची एक पद्धत पुढे वाचनात आली. चालू असलेल्या जुन्या ड्रायव्हरला साधी पाने छापायला सांगायची : कोरे पान, एकच ठिपका, एक रेघ. प्रत्येक वेळी तो प्रिंटरकडे कोणते बाइट पाठवतो ते टिपायचे, आणि कशाने काय बदलते ते ताडून पाहायचे. मला जेम्स प्रिन्सेपची आठवण झाली. सांचीच्या कठड्यांवरच्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात हे पाहून, ही दानाची नोंद असावी, ‘दानं’ असावे, असा त्याने तर्क केला, आणि १८३७ साली ब्राह्मी वाचता येऊ लागली. तिथे राजे आणि धर्म होते. इथे तीन-चार हजार रुपयांचा एक प्रिंटर होता, आणि तरी कुणीतरी आपल्या संध्याकाळी त्यावर घातल्या होत्या.

या साऱ्या मुक्त आज्ञावलींच्या चळवळीच्या मुळाशीही एक प्रिंटरच आहे, हे मला त्यानंतर कळले आणि फार गंमत वाटली. रिचर्ड स्टॉलमन एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत होते. तिथल्या जुन्या प्रिंटरची आज्ञावली त्यांनी अशी बदलून घेतली होती, की कागद अडकला तर वाट पाहणाऱ्यांना निरोप जाई. १९८० च्या आसपास झेरॉक्स कंपनीकडून नवा लेझर प्रिंटर मिळाला, त्याची मूळ आज्ञावली मात्र मिळाली नाही. ती ज्यांच्यापाशी होती, त्या कार्नेगी मेलनमधल्या गृहस्थांनी ती न देण्याचे वचन लिहून दिले होते. स्टॉलमन रिकाम्या हाताने परतले. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. निव्वळ त्या नकारातून हे सारे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, पण ते स्वतः ही हकीकत आवर्जून सांगत आले आहेत, आणि पंधरवडाभर दिव्याकडे पाहत बसलेल्या मला ती पटायला वेळ लागला नाही.

आता व्यवस्था अशी आहे : प्रिंटर जुन्या लॅपटॉपला जोडलेला. लॅपटॉपवर कप्स नावाची छपाईव्यवस्था. ती तो प्रिंटर घरातल्या जाळ्यात खुला करते. नवा संगणक तिच्याशी आयपीपी या सर्वांच्या सामाईक बोलीत बोलतो, त्यासाठी त्याला कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. छपाईचा भर पुढे याच सामाईक बोलीवर राहावा असे धोरण मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले आहे. आजचे बहुतेक नवे प्रिंटर ती मुळातच बोलतात. म्हणजे पुढच्या पिढीला दुभाष्या शोधावा लागणार नाही. माझ्या घरी मात्र तो लॅपटॉपच्या रूपाने कपाटावर बसलेला आहे, आणि वीज गेली की त्याला आधी उठवावे लागते.

पहिली बारा पाने रविवारी दुपारी निघाली. जुन्या फॉन्टातल्या ओव्या मी त्या पंधरवड्यात युनिकोडमध्ये उलथून घेतल्या होत्या. रिकामा वेळ होता. आई खिडकीपाशी बसली, कागद तिरका धरला, आणि दुसऱ्याच पानावर पेन्सिल थांबली.

“हे काय लिहिलंस? दर्या?”

मी पाहिले. तिचे माहेर पाटणच्या बाजूचे, डोंगरातले. ओवीत दऱ्या होत्या, माहेरच्या वाटेवरच्या. रूपांतरात अर्धा ऱ हरवला होता आणि त्याचा रफार होऊन वर चढून बसला होता. आचारी आणि आचार्य यांतला हा फरक मी वर्गात दर वर्षी फळ्यावर लिहून दाखवते. पडद्यावर ही ओवी मी तीनदा तरी वाचली असेन.

“आम्ही कुठला गं दर्या पाहिला,” आई म्हणाली, आणि शब्दाभोवती तांबडे वर्तुळ काढून तिने पुढचे पान मागितले.